गॉलवेला जाणाऱ्यांसाठी काही सूचना आणि एक आग्रह

प्रवासाच्या सूचना लिहिण्याचा प्रकार मराठीत आता चांगलाच रुळला आहे. कुठे उतरावे, काय खावे, कशासमोर उभे राहून छायाचित्र घ्यावे, हे सांगणारे लेखन विपुल आहे आणि ते उपयुक्तही आहे. मात्र या लेखनाने काही गावांवर नकळत अन्याय केला आहे, असे आमचे मत आहे. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचे गॉलवे हे त्यांपैकी एक. डब्लिनहून सकाळी निघून मोहरचे कडे पाहायचे, परतताना गॉलवेत तासभर थांबून रंगीत दुकानांच्या गल्लीत फेरी मारायची आणि रात्री पुन्हा डब्लिन गाठायचे, अशी एक ठरीव सहल असते. या सहलीत गॉलवे म्हणजे चहापाण्याचा थांबा होऊन बसतो. ही सहल करू नये. गॉलवेला जायचे तर निदान तीन रात्री राहावे, शहर पायी हिंडावे, आणि डोळ्यांइतकेच कानांना काम द्यावे, हा आमचा आग्रह आहे. त्याची कारणे पुढे येतीलच.

आधी व्यवहाराच्या गोष्टी. आयर्लंड हे युरोपीय संघात असले तरी शेंगेन व्यवस्थेत नाही. त्यामुळे पॅरिस-रोमसाठी काढलेला व्हिसा येथे चालत नाही. भारतीय नागरिकाला आयर्लंडचा वेगळा व्हिसा लागतो. ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यात भारतीयांसाठी एक सामाईक सोय आहे खरी, पण व्हिसावर तसा स्पष्ट शेरा असेल तरच तिचा लाभ मिळतो. तो शेरा आहे की नाही, हे घरून निघण्यापूर्वीच पाहून घ्यावे. गॉलवेला नियमित प्रवासी विमाने येत नाहीत. डब्लिनच्या ह्यूस्टन स्थानकातून आगगाडीने सुमारे अडीच तासांत गॉलवेत पोहोचता येते. डब्लिनच्या विमानतळावरून थेट बसही मिळते. आगगाडी आयर्लंडचा पूर्व किनारा सोडून सरळ पश्चिम किनाऱ्याला जाते आणि शहराच्या मध्यभागी, आयर स्क्वेअरला अगदी लागून, उतरवते. मोटार भाड्याने घेण्याचा मोह येथे टाळावा. रस्ते आपल्यासारखेच डाव्या बाजूने चालतात हे खरे, पण सुमारे ८४ हजार वस्तीच्या या शहराचा जुना भाग इतका आटोपशीर आहे की मोटार हे तिथे ओझेच ठरते.

हवामानाविषयी अकारण भीती घातली जाते. गॉलवेत पाऊस बाराही महिने पडतो, पण तो कोकणातल्या आषाढासारखा कोसळणारा नव्हे. तो झिरपतो, वाऱ्याबरोबर आडवा येतो, थांबतो, ऊन पडते आणि अर्ध्या तासात पुन्हा येतो. अशा पावसात छत्री निरुपयोगी ठरते. टोपी असलेले जलरोधक जाकीट आणि ओले झाले तरी चालतील असे बूट, एवढी तयारी पुरे. जूनच्या अखेरीस रात्री दहापर्यंत उजेड असतो. डिसेंबरात साडेचारच्या आतच अंधारू लागते. जुलैत कलामहोत्सव असतो आणि त्याच्या पाठोपाठ बॅलीब्रिटच्या घोड्यांच्या शर्यती येतात. या दिवसांत राहण्याच्या जागा दुर्मीळ आणि महाग होतात. ज्याला साहित्यात रस आहे त्याने एप्रिल निवडावा. १९८५ पासून चालत आलेला ‘कूर्च’ हा साहित्यमहोत्सव तेव्हा भरतो, आणि गर्दीही बेताची असते.

आता शहर. आयर स्क्वेअरपासून समुद्राकडे उतरत जाणारा रस्ता हाच गॉलवेचा कणा. हा चौक अधिकृतपणे अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या नावाने ओळखला जातो, कारण १९६३ च्या जूनमध्ये, हत्येच्या काही महिने आधी, ते येथे बोलून गेले. आम्ही मात्र वाचकाला याच चौकातल्या दुसऱ्या एका माणसापाशी थांबायला सांगू. दगडावर बसलेला, टोपी घातलेला हा लहानखुरा माणूस म्हणजे आयरिश भाषेतला कथाकार पॉरिक ओ कोनरा. १८८२ मध्ये याच शहरात जन्मलेल्या या लेखकाने १९१० मध्ये लंडनमधल्या आयरिश निर्वासिताच्या आयुष्यावर कादंबरी लिहिली आणि १९२८ मध्ये निष्कांचन अवस्थेत देह ठेवला. त्याचे शिल्प १९३५ मध्ये बसविण्यात आले. १९९९ मध्ये काही टवाळांनी त्याचे मस्तक तोडले. मग मूळ शिल्प दुरुस्त करून नगर-संग्रहालयात हलविले गेले आणि २०१७ मध्ये त्याची ब्राँझची प्रतिकृती पुन्हा चौकात आली. शहराच्या मध्यवर्ती चौकात कथालेखक बसलेला असणे, त्याचा शिरच्छेद होणे आणि अठरा वर्षांनी त्याने परत येणे, यात त्या भाषेच्या नशिबाची एक संक्षिप्त कथा आहे.

खाली उतरताना लिंच घराण्याचा जुना वाडा लागतो. त्यात आता बँक आहे. १४८४ च्या सनदेने गॉलवेला स्वतःचा महापौर निवडण्याचा अधिकार मिळाला आणि चौदा व्यापारी घराण्यांनी पुढे या शहरावर राज्य केले. ‘टोळ्यांचे शहर’ हे बिरूद मिरवले जाते ते या घराण्यांवरून. क्रॉमवेलच्या सैन्याने ते हिणवण्यासाठी वापरले असे सांगतात, आणि शहराने ती शिवी दागिना म्हणून घातली. येथे एक सावधगिरीची सूचना. १४९३ मध्ये महापौर लिंचने आपल्याच मुलाला खिडकीतून फाशी दिले आणि त्यावरून ‘लिंचिंग’ हा शब्द निघाला, असे वाटाडे हटकून सांगतात. ही दंतकथा आहे. तो शब्द अमेरिकेतून आलेला आहे. दंतकथा ऐकावी, पण ती इतिहास म्हणून घरी आणू नये. त्यापेक्षा जवळच्या सेंट निकोलसच्या देवळात शांतपणे बसावे. १३२० मध्ये उभारलेले हे देऊळ आजही वापरात आहे, आणि शनिवारी त्याच्या कडेने बाजार भरतो. शाकाहारी माणसाची पंचाईत या समुद्रकाठच्या गावात होईल असे वाटते, पण बाजारातले चीज, गव्हाचा काळपट पाव आणि भाजीचे सूप यांवर दुपार सहज निभावते. मासे खाणाऱ्याला अर्थातच काही सांगायला नको. सप्टेंबरात तर येथे कालवांचा उत्सवच असतो.

रस्ता संपतो तिथे कॉरिब नदी समुद्राला मिळते. ही नदी जेमतेम सहा किलोमीटर लांबीची, पण तिचा वेग पाहून थबकायला होते. काठावर १५८४ ची ‘स्पॅनिश कमान’ आहे आणि पलीकडे क्लॅडा. ‘दोन हातांत धरलेले हृदय आणि वर मुकुट’ या घडणीची क्लॅडाची अंगठी शहरातल्या प्रत्येक दुकानात मिळते. क्लॅडा मात्र मिळत नाही. ही शहराच्या तटाबाहेरची कोळ्यांची स्वतंत्र वस्ती होती. तिचा स्वतःचा ‘राजा’ असे, तिची भाषा आयरिश होती. १९३० च्या दशकात आरोग्याच्या कारणास्तव तिची गवताने शाकारलेली घरे पाडून तिथे नगरपालिकेची घरे बांधण्यात आली. वस्ती जाते आणि तिचा दागिना उरतो, हे किनाऱ्यावरच्या कोणत्याही शहराला लागू पडावे असे सत्य आहे. अंगठी जरूर घ्यावी, पण ती घेण्याआधी पूल ओलांडून त्या साध्या घरांच्या रांगेतून एकदा चालून यावे.

येथवर जे सांगितले ते थोडेफार फरकाने कुठल्याही मार्गदर्शिकेत सापडेल. आमचा खरा आग्रह याच्या पुढचा आहे, आणि तो भाषेचा आहे.

गॉलवेत सगळ्यांना इंग्रजी येते, मग आयरिशची चौकशी कशाला, असा प्रश्न विचारला जातो. तो प्रश्न वाजवी आहे. प्रवाशाची इंग्रजीवाचून कुठेच अडचण होणार नाही. परंतु गॉलवे हे आयर्लंडमधले असे शहर आहे की त्याच्या वेशीपासून पश्चिमेला जिवंत आयरिश बोलणारा प्रदेश सुरू होतो. या प्रदेशांना ‘गेल्ताख्त’ म्हणतात. आयरिश ही त्या देशाची संविधानाने ठरविलेली पहिली राजभाषा आहे, शाळेत ती सर्वांना शिकवली जाते, युरोपीय संघातही तिला २०२२ पासून पूर्ण दर्जा मिळाला आहे. २०२२ च्या जनगणनेत सुमारे १८ लाख ७० हजार लोकांनी आपल्याला आयरिश येते असे सांगितले. त्यांपैकी शाळेबाहेर ती रोज बोलणारे किती? सुमारे ७२ हजार. गेल्ताख्तमध्ये रोज बोलणारे तर सुमारे २० हजारच. ‘येते’ आणि ‘बोलतो’ या दोन क्रियापदांमधले हे अंतर ज्याला अस्वस्थ करत नाही, त्याने गॉलवे पाहिले काय आणि न पाहिले काय, सारखेच. मराठीचे अध्यापन करणाऱ्या आम्हांला या आकड्यांतून जो धडा दिसतो तो असा: राजभाषेचा दर्जा आणि अभ्यासक्रमातले स्थान यांनी भाषेची प्रतिष्ठा टिकते. भाषा टिकते ती मात्र घरात, बाजारात आणि भांडणात. आयरिशची आणि मराठीची तुलना संख्येच्या बाबतीत करता येणार नाही, हे उघड आहे. कोट्यवधींच्या भाषेने आताच गळा काढणे हास्यास्पद ठरेल. पण घसरण सुरू कुठून होते, हे पाहण्यासाठी गॉलवेइतकी बोलकी जागा दुसरी क्वचितच असेल.

म्हणून सूचना अशी की एक दिवस बस पकडून समुद्राच्या कडेकडेने स्पिडलला जावे. अंतर वीस किलोमीटरहूनही कमी. वाटेत रस्त्यावरच्या पाट्यांमधून इंग्रजी नाहीशी होत जाते. २००५ पासून गेल्ताख्तमधल्या गावांची आयरिश नावेच अधिकृत आहेत, तेव्हा नकाशातली आयरिश नावे आधी टिपून ठेवावीत. आणि जाण्यापूर्वी चार शब्द शिकावेत. नमस्कारासाठी ‘जीअ ग्विच’ म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ ‘देव तुला’ असा. उत्तर येते ते देवासोबत मेरीला घेऊन येते. निरोपाला ‘स्लान’ म्हणायचे. या भाषेत ‘हो’ आणि ‘नाही’ यांसाठी स्वतंत्र शब्द नाहीत. विचारलेले क्रियापदच परत द्यायचे. ‘येतोस का?’ याला ‘येतो’ हे उत्तर मराठी माणसाला मुळीच परके वाटणार नाही. ‘असणे’ आणि ‘जवळ असणे’ यांचाही मेळ आपल्यासारखाच आहे. आयरिश माणूस पुस्तकाचा ‘धनी’ नसतो, पुस्तक ‘त्याच्याकडे’ असते. तो दुःखी होत नाही, दुःख ‘त्याच्यावर’ असते. इंग्रजीच्या आडून ही भाषा दुर्बोध वाटते. मराठीतून तिच्याकडे पाहिले तर ती एकदम ओळखीची होते, आणि हा आनंद कुठल्याही कड्यावर उभे राहून मिळणारा नाही.

या स्पिडलजवळचाच मार्चीन ओ काइन. त्याची ‘क्रे ना किले’ ही कादंबरी १९४९ मध्ये आली. तिच्यातली सगळी पात्रे मेलेली आहेत आणि स्मशानात जमिनीखाली पडल्या पडल्या ती एकमेकांशी भांडतात, उखाळ्यापाखाळ्या काढतात, नव्या प्रेताकडून वरच्या जगाची खबर घेतात. विसाव्या शतकातल्या आयरिश गद्याची ही सर्वोच्च कृती मानली जाते. तरी ती इंग्रजीत पुस्तकरूपाने यायला २०१५ साल उजाडले. सहासष्ट वर्षे एक मोठी कादंबरी शेजारच्या भाषेला ठाऊक नसावी, याचा विचार मराठीच्या वाचकाने आपल्या संदर्भात जरूर करावा. त्यानंतर पाठोपाठ, २०१६ मध्ये, दुसरेही भाषांतर आले. मिडल स्ट्रीटवरच्या चार्ली बर्नच्या पुस्तकांच्या दुकानात असे काही शोधत एक पावसाळी दुपार घालवावी. आम्हांला विचाराल तर हे दुकान हेच गॉलवेचे एक प्रेक्षणीय स्थळ आहे.

मिडल स्ट्रीटवरच ‘तायव्यार्क’ हे आयरिश भाषेचे नाट्यगृह आहे. १९२८ मध्ये ते सुरू झाले तेव्हा पहिले नाटक लिहिले मिहाल मॅक लीअमोर याने. हा गृहस्थ जन्माने लंडनचा इंग्रज. त्याने ही भाषा शिकून घेतली, नावही बदलले आणि आयरिश रंगभूमीचा अध्वर्यू झाला. भाषा रक्तातून येते असे मानणाऱ्यांनी या उदाहरणापाशी थोडे थांबावे. गॉलवेची दुसरी नाट्यसंस्था ‘ड्रूइड’ ही १९७५ मध्ये विद्यापीठातून बाहेर पडलेल्या तरुणांनी काढली. तिच्या दिग्दर्शिका गॅरी हाइन्स यांना १९९८ मध्ये अमेरिकेतला टोनी पुरस्कार मिळाला. नाटकाच्या दिग्दर्शनासाठी तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. राजधानीपासून दोनशे किलोमीटरवरच्या छोट्या शहरात हे घडले. तेव्हा मुक्कामाच्या एका संध्याकाळी तरी नाटक पाहावे. तायव्यार्कमध्ये प्रयोग असेल तर भाषा न कळूनही पाहावे.

जॉइसचे चाहते बोलिंग ग्रीनवरचे नोरा बार्नॅकलचे घर शोधतात. जॉइसची सहचारिणी नोरा ही गॉलवेची. ‘द डेड’ या कथेतल्या पावसात उभ्या राहिलेल्या तरुणाचे मूळ म्हणजे तिच्या ओळखीचा मायकेल बॉडकिन. तो रहूनच्या दफनभूमीत आहे. डब्लिनच्या लेखकाने जगाला दिलेली ती अपूर्व कथा मुळात गॉलवेच्या एका मुलीची आठवण होती, एवढे भान ठेवून तिथे जावे.

अ‍ॅरन बेटांविषयीही असेच. रॉसावीलच्या धक्क्यावरून बोट सुटते. बहुतेक लोक सकाळी जाऊन, इनिश मोरवर सायकलने डून एंगसचा कड्यावरचा किल्ला पाहून, संध्याकाळी परततात. आमच्या मते एक रात्र राहावे, आणि शक्यतो मधल्या, लहान इनिश मानवर. शेवटची बोट गेल्यावरच बेट बेटासारखे होते. नाटककार सिंग १८९८ ते १९०२ या काळात येथे येत राहिला आणि त्याच्या लेखनाने अ‍ॅरन जगाला माहीत झाले. त्याचे पुस्तक वाचावेच. पण ते पाहुण्याचे पुस्तक आहे. बेटावर जन्मलेला कवी मार्चीन ओ दिरान आणि कथाकार लिअम ओफ्लॅहर्टी यांना वाचल्यावाचून ते वाचन अपुरे राहते. आपल्याकडे खेड्यांविषयी शहरी लेखकांनी लिहिलेले आणि खेड्यातून आलेल्यांनी लिहिलेले यांत जो फरक पडतो, तोच येथेही आहे.

रात्री संगीत ऐकायला पबमध्ये जावे. मद्य घ्यावे अशी सक्ती नाही. तिथे जमलेले वादक बहुधा प्रेक्षकांसाठी वाजवत नसतात, ते एकमेकांसाठी वाजवत असतात. भजनी मंडळाच्या बैठकीत शिरल्यावर आपण जसे कोपऱ्यात बसू तसे बसावे. फर्माईश करू नये, वादकांच्या राखलेल्या खुर्च्यांवर बसू नये, आणि कुणी एकटा गाऊ लागला तर बोलणे थांबवावे.

आता शेवटची, आणि आमच्या दृष्टीने न टाळण्याजोगी गोष्ट. गॉलवेच्या आनंदी, रंगीत चित्रात न बसणाऱ्या काही आठवणी या शहरात आहेत. सॉल्टहिलच्या समुद्रकाठच्या फिरण्याच्या वाटेवर, भिंतीला पाय लावून परतण्याचा स्थानिक रिवाज पाळायला आपण जातोच. त्याच किनाऱ्यावर सीलिया ग्रिफिन या सहा वर्षांच्या मुलीच्या नावाने एक लहानसे स्मारक-उद्यान आहे. १८४७ च्या दुष्काळात ती या शहरात उपासमारीने गेली. शहराच्या उत्तरेला, याच परगण्यात, ट्यूअम आहे. तेथे अविवाहित मातांसाठी चालविलेल्या आश्रमात १९२५ ते १९६१ या काळात ७९६ मुले दगावली आणि त्यांच्या दफनाची नोंदच नव्हती, हे कॅथरिन कॉर्लेस या स्थानिक इतिहास-अभ्यासक स्त्रीने चिकाटीने उघड केले. तेथील उत्खनन सुरू व्हायला २०२५ साल उजाडावे लागले.

आणि सविता हलप्पनवार. ही तरुण दंतवैद्य गॉलवेत राहत होती. तिचे आईवडील बेळगावचे. बेळगाव हे नाव मराठी वाचकाला दूरचे नाही. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये सतराव्या आठवड्यात तिचा गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झाले होते, पण गर्भाचे ठोके चालू होते, म्हणून गर्भपाताची तिची विनंती नाकारली गेली. २८ ऑक्टोबरला जंतुसंसर्गाने तिचा मृत्यू झाला. ती एकतीस वर्षांची होती. त्या मृत्यूने आयर्लंड हादरला. २५ मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के मतदारांनी संविधानातील गर्भपातबंदीचे कलम रद्द करण्याच्या बाजूने कौल दिला, आणि त्या दिवसांत सविताचे छायाचित्र त्या देशाच्या भिंतींवर होते. आपल्या भागातून गेलेल्या एका मुलीच्या नावाने एका परक्या देशाचा कायदा बदलला, आणि गॉलवेवरच्या आपल्या सहललेखनात मात्र तिचा उल्लेख क्वचितच सापडतो. अशा उल्लेखाने सहलीचा रसभंग होतो, असे कुणी म्हणेल. आम्हांला ते मान्य नाही. ज्या गावाचे संगीत आपण ऐकतो, ज्याचे मासे खातो, त्याचे दुःखही थोडे जाणून घेणे हा पाहुणचाराचाच भाग आहे. शिवाय गॉलवेने आपल्या चुकांकडे पाहायला सुरुवात केली आहे. तिथे जाणाऱ्याने नजर फिरवण्याचे कारण नाही.

सारांश, तीन रात्री, चांगले बूट, चार आयरिश शब्द, एक नाटक, एक पुस्तक. सूचना एवढ्याच. मोहरच्या कड्यांसाठी चौथा दिवस ठेवायला आमची हरकत नाही.